माळ्यावर सापडलेला काथ्या-चिंध्यांचा गोळा कुणाचा? काढून टाकला की काम संपतं का?

तुम्ही विचारलंय की डिचोलीचं कौलारू घर चतुर्थीसाठी उघडलं, तर माळ्यावर काथ्या, जुन्या साडीच्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सोललेल्या नारळाएवढा गोळा मिळाला. तो कुणाचा, आणि उचलून फेकला तर चालेल का?

वर्णनावरून हे काळ्या घरउंदराचं घरटं आहे. हा उंदीर उंचावर राहणारा. माडाचा शेंडा, वासे, आढं ह्या त्याच्या जागा. घूस माळ्याच्या वाटेला सहसा जात नाही, ती जमीन पोखरते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधात बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर तो घुशीच्या जातभाईंचा उद्योग, आतल्या खोलीत भाताचं काड अंथरलेलं असतं. घरातली छोटी उंदरं मुठीएवढा गोळा करतात, तोही बहुधा खणात किंवा खोक्यात, आणि चिंध्या अगदी बारीक कुरतडून. खारीचं म्हणाल तर तिला काथ्या आणि कापूस आवडतो, पण ती दिवसा वावरते. रात्री खुडबूड ऐकू येत असेल तर ती खार नव्हे. चिचुंद्री मुळात उंदरांच्या कुळातलीच नाही.

आता गोळा जरा नीट बघा. बाहेरचा थर जाडाभरडा असतो, आत जावं तसा मऊ. उंदीर कापड पुढच्या पायांनी धरतो, दातांनी उभं फाडत नेतो, म्हणून चिंध्या लांबट निघतात. नुसत्या झोपण्यापुरतं घरटं असेल तर ते वरून उघडं, बशीसारखं राहतं. वरून बंद आणि बाजूला एकच छोटं तोंड असेल, तर आत पिल्लं आहेत किंवा लवकरच होतील असं धरून चाला. पिल्लं जन्मतात ती उघडीनागडी आणि आंधळी, स्वतःची ऊब त्यांना राखता येत नाही; छप्पर त्यासाठीच. गर्भकाळ 21 ते 23 दिवस, डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आणि मादी बाळंतपणानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते.

लोक चुकतात ते इथेच. गोळा उचकटून बघायचा आणि ‘उद्या काढू’ म्हणून ठेवून द्यायचा. रात्रीत मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. सकाळी घरटं रिकामं असतं आणि पुढच्या आठवड्यात नवं घरटं बाजूच्या खोलीत.

म्हणून आधी सापळे, मग सफाई. घरउंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सापळे भिंतीलगत आणि वाशांवर चार-पाच दिवस न ताणता, आमिषासकट ठेवा. भाजलेलं खोबरं किंवा सुक्या सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर तो अलगद पळवतो. खायला लागला की सगळे सापळे एकाच रात्री ताणा. माळ्यावर विष नको: उंदीर भिंतीत मरतो, वास महिनाभर छळतो, आणि तो मेला की त्याच्या पिसवा माणसांकडे वळतात. शिवाय विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडं-मांजरं मरतात ती वेगळीच.

सफाईला कोरडा झाडू वापरू नका. हातमोजे, मास्क, आणि एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात. गोळा भिजवून दहा मिनिटं थांबा, पिशवीत बांधून टाका, जागाही तशीच पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

मग वाट तोडा. छपराला टेकणाऱ्या झावळ्या निदान मीटरभर मागे छाटा. माडाच्या खोडाला दोन मीटर उंचीवर 40 सेंटीमीटर रुंद जस्ती पत्रा गुंडाळा, पण शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींत गुंतल्या असतील तर त्याचा उपयोग शून्य. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला चढल्यावर शेंडा साफ करायला सांगा. देठापाशी भोक पडलेले कोवळे नारळ खाली गळत असतील तर वर बिऱ्हाड नक्की आहे. कौलांखालच्या फटी सिमेंट आणि स्टीलच्या काथ्याने बुजवा, मोठ्या जागी 6 मिलिमीटरची जाळी लावा. फोम भरू नका, तो कुरतडून उंदीर अंथरूण करतो. माळ्यावरच्या जुन्या साड्या, गाद्या, कागद उतरवा किंवा पत्र्याच्या पेटीत घाला.

शेवटची फट मात्र घाईने बंद करू नका, आत अडकलेली पिल्लं तिथेच कुजतील. वाशांवर पिठाचा पातळ थर टाका. सलग आठवडाभर पावलं उमटली नाहीत, की मग बुजवा.