गळाला लागलेला २९ किलोचा सॅल्मन

प्रश्न: ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅल्मनचा रेकॉर्ड एका बाईच्या नावावर आहे म्हणे, खरंय का? आमचे हे मानतच नाहीत.

उत्तर: खरंय हो, दाखवा त्यांना! जॉर्जिना बॅलंटाइन, स्कॉटलंडची टे नदी, ७ ऑक्टोबर १९२२. वजन ६४ पाउंड, म्हणजे जवळपास २९ किलो, आणि तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. वडील होडी वल्हवत होते, संध्याकाळची वेळ, मासा गळाला लागला आणि जो पळत सुटला तो दोन तासांहून जास्त वेळ हिला झुंजवत राहिला, पार अंधार पडला तरी हिने रॉड काही सोडला नाही. मासा नंतर स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहराच्या हॉस्पिटलात दिला, पेशंटना खायला. आणि हो, आपल्याकडे रावसाला इंडियन सॅल्मन म्हणून विकतात ना, तो मासाच वेगळा!