भिंतीवरचा बारका कोळी खरंच आपल्याकडे वळून बघतो का?

हो, बघतो. नेरूळच्या तुमच्या घरातल्या नखाएवढ्या करड्या कोळ्याबद्दल तुम्ही विचारलंत. तुम्ही हललात की तो गर्रकन तोंड वळवतो, हा भास नाही. आमच्याकडे ठाण्याला, वर्तकनगरात, बाल्कनीच्या ग्रिलवर त्याचा भाऊबंद मुक्कामाला आहे.

हा जाळं लावून बसणाऱ्यांतला नव्हे, उडी मारून शिकार करणारा. डोळे आठ. बाजूच्या डोळ्यांना काहीतरी हललं एवढंच कळतं. ते काय आहे हे ओळखायचं तर समोरचे दोन मोठे डोळे तिकडे न्यावे लागतात. म्हणून अख्खं अंग फिरतं. ते डोळे बाहेरून ढिम्म दिसतात, आतला पडदा मात्र इकडेतिकडे सरकत असतो.

या जमातीवर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातला पोर्शिया म्हणजे महाबिलंदर. दुसऱ्या कोळ्यांना त्यांच्याच जाळ्यात जाऊन खातो. कडेला उभा राहून पायांनी धागे छेडतो. एका ठेक्याला मालक हलला नाही की दुसरा, मग तिसरा. ज्याला तो जवळ सरकेल तोच पुढे चालू. वाऱ्याने जाळं हललं की तेवढ्यात चार पावलं पुढे. समोरून जमत नसेल तर लांबचा वळसा घेतो, वाटेत शिकार दिसेनाशी झाली तरी. आणि मेंदू टाचणीच्या डोक्याहून लहान!

जॅक्सन यांनी अभ्यासलेला, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराकाठचा आणखी एक कोळी रक्त प्यायलेल्या डासांच्या माद्या निवडून खातो. त्याला माणसाच्या वापरलेल्या मोज्यांचा वासही ओढून घेतो. (माझ्या धाकट्या भावाच्या खोलीत त्याची छान सोय झाली असती.)

तुमच्या भिंतीवरचा पोर्शिया नसणार, पण कुळ तेच. याच कुळातल्या, ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या जातीला 2021 मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी.

मारू बिरू नका, माणसाच्या वाटेला जात नाही तो. उलट एक छोटा आरसा त्याच्यासमोर धरा. आमच्या ग्रिलवाल्याने स्वतःला पाहून पुढचे दोन पाय वर उचलले, दोन पावलं मागे, पुन्हा पुढे, पुन्हा पाय वर. पाच मिनिटं हेच. आई झाडू घेऊन आली होती, तीही बघत उभी राहिली.