मंडईचे नाटक स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या ताईंना

पत्र:

मी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात राहते. वय ५२, लग्नाला २८ वर्षे झाली. आमची धानाची शेती आहे. दिवाळीनंतर गावची मंडई (जत्रा) असते, तेव्हा दोन दीर, दोन जावा, दोन नणंदा आणि त्यांची मुले, अशी सतरा-अठरा माणसे चार-पाच दिवस आमच्या घरी असतात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून सगळा भार माझ्यावर आला. सगळे अंगणात बसून जुन्या आठवणी काढतात, चुलीवरचा भात आणि पाट्यावर वाटलेला मसाला मागतात. माझ्या माहेरची मंडई नेमकी त्याच दिवशी असते, म्हणून लग्नानंतर मी ती एकदाही पाहिलेली नाही. आमच्या गावचे नाटकही मी स्वयंपाकघरातून, कर्ण्यावरच ऐकते. गेल्या वर्षी पाहुणे निघायच्या सकाळी माझ्या तोंडून गेले की पुढच्या वर्षी कोणी येऊ नका. मोठ्या नणंदबाई रडल्या. हे म्हणतात, बहिणींनी हक्कसोड करून दिली, त्यांना चार दिवसांचे माहेरपणही द्यायचे नाही का? भरलेले घर मला आवडत नाही असे नाही, पण यंदा मंडईचा विचार आला तरी छातीत धडधडते. माझे चुकले का?

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुम्हाला जे वाटले त्यात काहीही चूक नव्हती. चुकली ती वेळ, आणि चुकली ती माणसे ज्यांना ते ऐकावे लागले. निघायच्या सकाळी, पिशव्या बांधून झालेल्या असताना, आई गेल्यानंतर माहेर टिकेल की नाही या धास्तीत असलेल्या बाईच्या कानावर ‘येऊ नका’ हे शब्द पडले, तर ती रडणारच. तुमचा राग जिथे पोचायला हवा होता तिथे तो पोचलाच नाही, कारण ज्यांनी तो ऐकायला हवा होता ते बहुधा तेव्हा गाडीत सामान ठेवत होते.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर तुमची अडचण त्यांना नीट कळणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेच्या सुमारास मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळी असते आणि तिचा दिवस गाव ठरवते. त्या दिवशी बाजार भरतो, लेकीबाळी आणि सोयरेधायरे येतात, घरोघरी मटण शिजते, आणि रात्री दंडार (इथले लोकनाट्य) किंवा नाटक होते ते पहाटेपर्यंत चालते. नाटक कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून येतात. एखाद्या घरी मंडईला पाहुणे आले नाहीत तर शेजारीपाजारी विचारतात, म्हणून हा सण कुणालाही सहज टाळता येत नाही. आणि नेमके याच दिवसांत हलक्या धानाची कापणी आलेली असते, शेतात कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या असतात, मजूर मिळत नाही, आणि अवकाळी पावसाचे ढग दिसले की रात्री झोप लागत नाही. तुम्ही शेतीचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात. मी मात्र तो तुमच्या थकव्याच्या हिशेबात धरते.

आता तुमच्या घरच्या आठवणींविषयी. तुमचे दीर अंगणात बसून बोडीत (गावच्या लहान तळ्यात) पोहल्याच्या, आईच्या हातच्या आयत्यांच्या (तांदळाच्या धिरड्यांच्या), सारवलेल्या अंगणात एका ओळीने झोपल्याच्या गोष्टी सांगत असतील, तर त्या खऱ्या आहेत आणि त्यांचे त्या काळावर प्रेमही खरे आहे. नागपूर-पुण्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला वर्षातून चार दिवस आपण कुणाचे आहोत हे आठवून देणारी जागा लागते. मी त्यांना दोष देत नाही. परंतु लहान मुलाच्या आठवणीत ताट वाढलेले असते. ते ताट कोणी, किती वाजता उठून वाढले, हे त्या आठवणीत नसते. त्यांना आठवणारा मसाला तुमच्या सासूबाईंनी पाट्यावर वाटला होता, आणि तो वाटताना त्यांच्या मनात काय चालले होते हे त्यांना कोणी विचारले नसेल. आज घरात मिक्सर आहे, गॅस आहे, तरीही पाट्याचाच आग्रह होतो, म्हणजे त्या आठवणीचे ओझे त्यांच्या आईच्या हातांवरून उचलून तुमच्या हातांवर ठेवले गेले आहे. ज्याला पाट्याची चव हवी आहे त्याने पाट्यावर बसावे, असे मी अगदी मनापासून म्हणते.

मी स्वतः नणंद म्हणून अनेक वर्षे माहेरी गेले आहे. वहिनी पहाटे उठायची आणि मी उशिरापर्यंत झोपायचे, कारण सासरी मला ते मिळत नव्हते. माझी विश्रांती तिच्या झोपेतून येत होती, हे समजायला मला फार वर्षे लागली, आणि समजले तेव्हा तिच्या गुडघ्यांनी उत्तर दिलेले होते. म्हणून तुमच्या नणंदांकडून स्वयंपाकाची अपेक्षा करा, असे मी सांगणार नाही. त्या वर्षभर आपापल्या घरी हेच करतात. तुमच्या संपूर्ण पत्रात दोन दीर आणि तुमचे यजमान यांनी त्या पाच दिवसांत काय काम केले याचा एक शब्दही नाही, आणि मला वाटते की तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. विदर्भात शेतात किंवा देवस्थानी रोडग्यांचा कार्यक्रम असतो तेव्हा गोवऱ्यांची आर पुरुषच लावतात, कणीक पुरुषच मळतात आणि पन्नास माणसांची वांग्याची भाजी मोठ्या गंजात (पातेल्यात) तेच ढवळतात. ज्या हातांना ते जमते त्या हातांना घरच्या अठरा माणसांचे मटण जड जाऊ नये. मंडईच्या दिवसाचे मटण, भात आणि त्यानंतरची भांडी ही तीन कामे तिन्ही भावांची, एवढे एकच ठरवा. बाकीच्या दिवसांचे साधे जेवण जावा आणि तुम्ही मिळून कराल, त्यात आठवी-दहावीतली मुले-मुली दोघेही हाताशी येतील.

कापणीच्या बाबतीतही हेच सांगेन. दिरांना गावची आठवण येते, तर त्यांना शेतावर जाऊ द्या. सकाळी दोन तास भारे बांधू लागले, धानाचे पुंजणे (ढीग) रचायला हात लावला, तर त्यांच्या मुलांनाही कळेल की बापाच्या गोष्टीतला गाव अजून चालू आहे. जाताना त्यांच्या गाडीत तांदळाचे कट्टे जात असतील, असे मी धरून चालते, कारण आपल्याकडे ते जातातच आणि जायलाही हवेत.

आता हक्कसोडीविषयी, कारण तुमच्या यजमानांचे ते वाक्य तुम्हाला सर्वात जास्त लागले आहे. त्यांची भावना मी हलकी मानत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तो असूनही ज्या बहिणी भावासाठी सही करून देतात, त्या मोठी गोष्ट देतात. आपल्याकडे ती सही फार गृहीत धरली जाते, आणि तुमच्या यजमानांना तिची जाणीव आहे, हे त्यांच्या चांगुलपणाचे लक्षण आहे. परंतु ते ऋण भावाचे आहे. बहिणींचे माहेरपण त्यांनी स्वतःच्या हाताने करावे: बहिणीला आणायला जावे, तिच्या आवडीचा बाजार करावा, सकाळचा चहा तिला नेऊन द्यावा, मोठ्या कामांसाठी पैसे देऊन गावातल्या दोन बायकांना बोलवावे. सातबारावर ज्याचे नाव राहिले त्याने ते फेडायचे. तुमच्या कंबरेने ते फेडले जात आहे, आणि त्या कंबरेने तर कधी हक्कही मागितला नव्हता. हे त्यांना याच शब्दांत सांगितले तरी चालेल, फक्त एकट्यांना सांगा, भावंडांसमोर नको. आणि आताच सांगा, दिवाळीच्या सामानाची यादी करायला बसाल तेव्हा नव्हे.

आणि आता त्या गोष्टीकडे येते जी तुम्ही पत्रात मधेच, जवळजवळ चोरून, लिहिली आहे. २८ वर्षे तुम्ही माहेरची मंडई पाहिलेली नाही. तुमच्या घरी आठवणी सांगण्याचा हक्क जणू त्या अंगणात वाढलेल्यांचाच आहे. तुमचेही बालपण एका गावात गेले, तुम्हीही वडिलांच्या खांद्यावर बसून दंडार पाहिली असेल, पुरुषांनी लुगडे नेसून केलेल्या स्त्रीपात्राला ओळखून मैत्रिणींना सांगितले असेल, भुलाबाईची खिरापत ओळखताना भांडला असाल. त्यातले काही तुमच्या मुलांना तरी माहीत आहे का? ज्या कलेला देशाने मान दिला, ज्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी आयुष्य वेचणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती कला तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर रात्रभर चालू असते आणि तुम्ही ती खरकट्या भांड्यांच्या आवाजात ऐकता. मला हे वाचून वाईट वाटले, ताई, आणि रागही आला.

म्हणून माझा सल्ला असा आहे की यंदा मंडईला तुम्ही माहेरी जा. आजारपणाचे कारण सांगू नका, रुसूनही जाऊ नका. सरळ सांगून, एक रात्र आधी निघा आणि दुसऱ्या रात्रीचे नाटक पूर्ण पाहून परत या. दोन दिवसांचा हा प्रश्न आहे. तुमचे सासरचे घर त्या दिवशीही भरलेलेच असेल, नणंदा येतील, दिवे लागतील, आणि स्वयंपाक ज्यांच्यासाठी होतो त्यांच्याच हातून होईल. तो थोडा खारट झाला, उशिरा झाला, तर होऊ द्या. पुढच्या वर्षी तुम्ही सासरच्या मंडईला थांबाल आणि त्यानंतरच्या वर्षी पुन्हा माहेरी, अशी पाळी लावून घ्या. दोन्ही गावांचे दिवस एकच पडतात आणि एका घरासाठी गाव तारीख बदलत नाही, तेव्हा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

यंदा कोणी नाराज होईल, हे धरून चाला. धाकटे दीर कदाचित येणार नाहीत, कदाचित फोनवर एखादे लागणारे वाक्य बोलतील. एका वर्षाची नाराजी घर सोसते. मात्र तुम्ही पुन्हा एखाद्या सकाळी भडकून सगळ्यांनाच दार बंद केलेत, तर ते उघडायला कितीतरी वर्षे लागतील, आणि भरलेले घर तुम्हाला आवडते हे तुम्हीच लिहिले आहे.

मोठ्या नणंदबाईंना मात्र तुम्ही स्वतः फोन करा. गेल्या वर्षीच्या शब्दांबद्दल त्यांची क्षमा मागा, कारण ते शब्द त्यांच्यासाठी नव्हते, आणि त्यांना मोकळेपणाने सांगा की तुम्हाला एकदा आपल्या आईच्या गावची मंडई पाहायची आहे. आई गेल्यावर माहेरच्या उंबऱ्यावर पाय ठेवताना काय होते, हे तुमच्या घरात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? माझा अंदाज आहे की सर्वात आधी त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील, आणि त्या बोलल्या की भाऊ फार वेळ आडवे बोलणार नाहीत. त्यांच्यासाठी जाण्याआधी एक काम करून ठेवा: सासूबाईंचे डबे, मसाल्याची पेटी, मोठा गंज आणि पाटा कुठे आहे ते यजमानांना दाखवून ठेवा, म्हणजे दर अर्ध्या तासाने तुम्हाला फोन येणार नाही.

तुमच्या आईविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. त्या असतील, तर यजमानांशी बोलण्याच्याही आधी, आज संध्याकाळीच त्यांना फोन करून कळवा की यंदा मंडईला मी येत आहे. त्या नसतील तर भावजयीला कळवा, आणि तिला हेही सांगा की भाकरी थापायला मी तुझ्या शेजारी बसेन, पण नाटकाला तू माझ्याबरोबर चल. एकदा तिथे शब्द दिलात, की तो मागे घेणे तुम्हाला इथे ‘नाही’ म्हणण्यापेक्षा जड जाईल.