चार्जरचा हिरवा दिवा लागतो, तरी गाडी सुरू होत नाही: दोष बॅटरीचा की चार्जरचा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी महिनाभर उभी होती, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी पार उतरली, १ अँपिअरचा मेंटेनन्स चार्जर (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावला तर त्याने बॅटरी ओळखलीच नाही. मग दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन थोडं फिरवून आणलं, पुन्हा चार्जर लावला, दोन तासांत हिरवा दिवा आला. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. आता चार्जर परत करू की बॅटरी बदलू, हा प्रश्न.

चार्जर ठेवा. मला संशय बॅटरीचा आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच मजकुरात आहे: दोन तास. १ अँपिअरचा चार्जर दोन तासांत जास्तीत जास्त २ अँपिअर-अवर देणार. जवळजवळ रिकाम्या बॅटरीचं एवढ्यावर पोट भरत असेल, तर तिचं पोटच उरलेलं नाही.

बॅटरी उतरताना आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते नेहमीचंच आहे, लगेच चार्ज केली की बहुतेक विरघळून जातं. पण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. चार्जरला हे दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त व्होल्टेज. खराब झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज चार्जिंग सुरू होताच भराभर १४.४ च्या आसपास चढतो आणि चार्जर म्हणतो, झालं. टाकीत निम्म्यावर गाळ साचला असला की ती लवकर भरते आणि वरचा फ्लोट पाणी बंद करतो, तसलाच हा प्रकार. हिरव्या दिव्याचा अर्थ 'व्होल्टेज पोचला' एवढाच घ्या.

पैसे घालवण्याआधी एक साधा मल्टिमीटर हाती घ्या. चार्जर जोडलेला असताना मोजू नका, तेव्हा १३ च्या वरच दाखवेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. चार्जर काढून काही तास जाऊ द्या. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. एजीएम बॅटरी (जिच्यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) भरलेली असली तर १२.८ च्या पुढे दाखवते. आणि रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास घुटमळत असेल तर एक सेल गेला. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, त्यातला एक शॉर्ट झाला की बरोबर तेवढाच खड्डा पडतो. त्यावर कुठलाही चार्जर इलाज करू शकत नाही.

पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मीटरची टोकं क्लॅम्पवर (वायरच्या टोकाच्या पकडीवर) न ठेवता बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच दाबून धरा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. उभ्या स्थितीत १२.६ दाखवणारी बॅटरी किल्ली फिरताच ७-८ वर कोसळली तर तिचा निकाल लागला. साधारण हवामानात ९.६ च्या खाली जाऊ नये, असा हिशेब धरतात. उलट टक-टक चालू असतानाही आकडा १२ च्या आसपास टिकून राहिला, तर बॅटरी निर्दोष आहे, करंट पुढे पोचत नाहीये. मग मीटरचं एक टोक खुंटीवर, दुसरं त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दाखवला तर तिथेच घाण आहे. क्लॅम्प बाहेरून चकचकीत असतो, पण काढून बघितलं की आत खुंटीला काळपट थर बसलेला असतो. पांढरी-हिरवट भुकटी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून धुवा, तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग घासा, घट्ट आवळा. क्लॅम्पही साफ निघाले तर अर्थिंगची पट्टी आणि स्टार्टर बघायला लागेल.

आता चार्जरने आधी बॅटरी ओळखली नाही, तो त्याचा बिघाड नव्हे. समोर ठरावीक व्होल्टेज दिसल्याशिवाय स्मार्ट चार्जर करंट सोडतच नाही, म्हणजे चिमटे उलटे लागले किंवा एकमेकांना टेकले तरी ठिणगी पडत नाही. ही मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, माहितीपत्रकात लिहिलेली असते. काही चार्जरमध्ये ही अट बाजूला ठेवणारं बटण असतं. नसेल तर दुसरी चांगली १२ व्होल्टची बॅटरी जंपर केबलने समांतर जोडा, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि मग चार्जर लावा. त्याला चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज दिसतो आणि तो कामाला लागतो. अर्ध्या तासाने चांगली बॅटरी काढून घ्या. हे चालू असताना तिथेच थांबा. डबा गरम लागला, फुगला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला की लगेच मेन बंद. आधीच फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीच्या वाटेला तर जाऊच नका.

मेंटेनन्स चार्जर मुळात भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. ४५ ची रिकामी बॅटरी १ अँपिअरने भरायला दोन दिवस पुरत नाहीत, आणि बरेच चार्जर ठरावीक वेळ उलटली की स्वतःच एरर देऊन थांबतात. आधी ४-५ अँपिअरच्या चार्जरने भरून घ्या, मग तुमचा लावून ठेवा. मात्र जुना, नियंत्रण नसलेला ट्रिकल चार्जर (सतत थोडा थोडा करंट सोडत राहणारा) कायमचा जोडून ठेवू नका, तो पाणी उडवतो.

सल्फेशन, म्हणजे प्लेटांवरचे ते कडक स्फटिक, काढणाऱ्या 'रिपेअर' मोडवर माझा फारसा भरवसा नाही. नुकतीच उतरलेली बॅटरी त्याने थोडीफार सावरते, महिनोन्‌महिने रिकामी पडलेली नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या, एप्सम सॉल्ट वगैरे आत टाकायचे सल्ले मिळतील, ते सोडून द्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच. एखाद्याच सेलचं पाणी तपकिरी, गढूळ दिसलं तर त्या सेलच्या प्लेटा झडताहेत.

महिनाभरात उतरली कशी, याचाही हिशेब बघा. बंद गाडीत घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिटं यांना ५० मिलिअँपिअरपर्यंत लागतात. दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. म्हणजे गाडीत काहीच बिघाड नसला तरी ४५ ची बॅटरी एवढ्यात बसू शकते. डॅशकॅम किंवा ट्रॅकर लावला असेल तर त्याहून लवकर. मोजायचं असेल तर मायनसची वायर काढून मध्ये मीटर घाला, १० अँपिअरच्या भोकात. गाडी 'झोपायला' अर्धा-पाऊण तास घेते, तोवर थांबा, आणि मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० च्या बराच वर आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल तो चोर.

अल्टरनेटरही (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बघून टाका, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ ठीक. नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वरखाली होत असतो.

चार्जर जोडताना आधी प्लस, मग मायनसचा चिमटा बॅटरीपासून लांब चॅसीच्या उघड्या धातूवर, आणि शेवटी मेन चालू. काढताना याच्या उलट. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी बॅटरीपासून दूर ठेवायची. शिवाय ज्या गाड्यांच्या मायनस खुंटीवर सेन्सर असतो, त्यांना चॅसीवर जोडल्यावरच आत गेलेला करंट मोजता येतो.

गाडी उभी असते तिथे प्लगच नसेल तर भरलेल्या बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. नुसती पडून साधी बॅटरी महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते, उन्हाळ्यात जास्त, तेव्हा दोन महिन्यांनी एकदा चार्ज केली तरी भागतं. फक्त वायर काढण्याआधी रेडिओला कोड लागतो का ते बघून घ्या.