दिल्लीला अर्ज करण्याआधी

मच्छीमार सोसायटीचा सचिव झालास, आता अर्ज तुलाच लिहायचेत. सगळ्यात आधी विषय कोणाचा ते ठरव. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची. मालवण-देवगडसमोर पर्ससीनवाला (मासळीचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची बोट) आत घुसला तर कारवाई 1981च्या राज्य कायद्याने, मत्स्यव्यवसाय खात्याकडून होते. त्यापलीकडचं पाणी केंद्राचं. तिथल्या एलईडी मासेमारीवर, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासळी ओढून पकडण्यावर, 2017 मध्ये बंदी केंद्रानेच घातली.

केंद्रातही खातं चुकू नकोस. कुठलं काम कुठल्या मंत्रालयाचं, हे 1961च्या कार्यविभाजन नियमांत छापलेलं आहे. मासेमारीचं मंत्रालय 2019 पासून वेगळं आहे, पण सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम, पर्यावरण मंत्रालयाकडे. आपले बहुतेक अर्ज इथेच भरकटतात: एकाच कागदावर जेटी, डिझेल परतावा आणि सीआरझेड! एका अर्जात एकच मागणी घाल.

थेट मंत्र्यांना लिहिलंस तरी कागद खाली कक्ष अधिकाऱ्याकडे उतरतो. तो टिपण लिहितो, मग फाइल अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक, सहसचिव अशी चढते. म्हणून त्या पहिल्या टिपणाला लागेल ते सगळं जोड: अधिसूचनेचा क्रमांक, गट नंबर, नकाशा, ठराव. निवेदनावर नुसत्या सह्या असल्या तर त्याला लिहायला काहीच उरत नाही.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून फाइलवरच्या टिपणांची प्रत माग. मुदत 30 दिवस. अधिसूचनेचा मसुदा निघाला तर हरकतीला साधारण 60 दिवस मिळतात. ते मात्र चुकवू नकोस; अंतिम अधिसूचना निघाली की बदल करून घेणं फार जड जातं.