रोबोकॉनच्या (कॉलेजांची रोबोट स्पर्धा) रोबोटच्या चाकांना सिलिकॉन शीट लावू की नायट्राइल रबर? पट्टा रुंद घेतला तर ग्रिप वाढेल का?

नायट्राइल. डोळे झाकून. या एका विषयावर मी कॉलेजात अख्खा सीझन भांडलोय.

तेव्हा रोबोकॉनच्या नॅशनल्स आपल्या पुण्यात बालेवाडीतच व्हायच्या, २०१४ ला तर आंतरराष्ट्रीय फेरीही तिथेच झाली. आमच्या कॅप्टनला सिलिकॉनचं वेड. लॅबच्या टाइल्सवर रोबोट कसा जागचा हलत नाही हे येईल त्याला ढकलायला लावून दाखवायचा. मी म्हणत होतो अरे मैदान टाइल्सचं नाहीये, रंगवलेलं प्लायवूड आहे, त्यावर दिवसभर सगळ्यांच्या बुटांची धूळ, आणि सिलिकॉन धूळ धरतं, एकदा धरली की पुसेपर्यंत ग्रिप गेली. शिवाय साध्या फेविबॉन्डने ते चिकटत नाही आणि कट गेला की फाटत जातं. ऐकतोय कोण, मी पडलो ज्युनिअर. मग भोसरीतल्या एका बेल्टवाल्याकडून रफटॉप बेल्टचे तुकडे आणले (चढत्या कन्व्हेअरवर खोकी घसरू नयेत म्हणून असतो तो खडबडीत पट्टा, नायट्राइलमध्ये मिळतो), जोड तिरका कापला, पॉप रिव्हेट मारले आणि चाकांचा दुसरा सेट गुपचूप बॅगेत टाकला. प्रॅक्टिस स्लॉटमध्ये रोबोट वळताना सरकायला लागला, एका चाकाचा सिलिकॉन पट्टा उलगडून बाहेर, आणि सेट बदलायला हाक कोणाला? मलाच. मॅचमध्ये एकदाही घसरला नाही. क्रेडिट कोणी घेतलं ते सोडा.

रुंदीचं म्हणाल तर कॅप्टनसाहेबही हेच म्हणायचे, रुंद पट्टा म्हणजे डबल ग्रिप. नाही हो. वजन तेवढंच, फक्त जास्त जागेवर वाटलं जातं. फरक पडतो तो किरकोळ, फायदा एवढाच की रबर सावकाश झिजतं. पटत नसेल तर प्लायवूडचा तुकडा रंगवा, थोडी धूळ टाका, चाकं लॉक करा आणि बॅगा मोजायच्या हूकवाल्या काट्याने रोबोट ओढून बघा. ३० किलोचा रोबोट काट्यावर ३० च्या आसपास दाखवून मग सरकला तर ग्रिप झकास. दोन्ही रबरं अशीच मोजा, चर्चा कसली करताय.

हां, ओम्नी किंवा मेकॅनम चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही सरकणारी) असतील तर वरचं सगळं बाद, तिथे रोलर जसे येतील तसे. नायट्राइल पण गॅस्केटवालं कडक घेऊ नका, शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ६० च्या आसपासचं बघा. आणि मोटर लहान असेल तर जास्त ग्रिपही महागात पडते, रोबोट कुठे अडकला की चाक घसरत नाही, मोटर स्टॉल होते (जागीच जाम होते) आणि मोटरला करंट देणारं ड्रायव्हर सर्किट जळतं.

सिलिकॉन आणलंच असेल तर ग्रिपरच्या (रोबोटचा वस्तू पकडणारा हात) बोटांना लावा, तिथे मस्त चालतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं त्याला.