घड्याळाचा थ्रेशोल्ड किती खरा?

प्रश्न : माझे स्पोर्ट्‌स वॉच माझा लॅक्टेट थ्रेशोल्ड (हृदयाच्या ठोक्यांची ती पातळी, जिच्यापुढे जोरात धावताना स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट रक्तात झपाट्याने साचू लागते) मिनिटाला १७४ ठोके दाखवते, प्रयोगशाळेत रक्त तपासल्यावर मात्र तो १६५ आला. सरावासाठी कोणता आकडा धरावा?

उत्तर : तूर्त १६५ धरावा. प्रयोगशाळेत धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याअखेर बोटातून किंवा कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेऊन त्यातले लॅक्टेट प्रत्यक्ष मोजतात. घड्याळाला रक्त दिसत नाही. हृदयाचे ठोके, धावण्याचा वेग आणि काही घड्याळांत लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतराचे सूक्ष्म चढउतार, एवढ्यावरून ते थ्रेशोल्डचा अंदाज बांधते. साहजिकच ठोके चुकीचे मोजले गेले, तर पुढचे सारे गणितही चुकते.

मनगटावरचा सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील बदल टिपतो, पण धावताना हात हलतो आणि कधीकधी सेन्सर हृदयाऐवजी पावलांची लय पकडतो. आपण आरामात गप्पा मारत धावत असताना घड्याळ १७२ ठोके दाखवत असेल आणि मिनिटाला पडणारी पावलेही नेमकी तेवढीच असतील, तर हाच घोटाळा झाला आहे असे समजावे. छातीवरच्या पट्ट्याने तो बहुतांशी टळतो. घड्याळात कमाल ठोके ‘२२० वजा वय’ या सूत्राने भरले असतील, तर तेही तपासा. हे सूत्र एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते.

प्रयोगशाळेचा आकडाही अंतिम मानू नये. कोणी रक्ताच्या लिटरमागे ४ मिलिमोल लॅक्टेट ही ठरीव रेषा धरतात, तर कोणी लॅक्टेटचा आलेख जिथे झपाट्याने वर वळतो तो बिंदू. त्यामुळे त्याच रक्तातून दोन वेगळे थ्रेशोल्ड निघू शकतात. तुमच्या अहवालात कोणती पद्धत वापरली आहे, ते अवश्य विचारा.

पडताळा घ्यायचा असल्यास, प्रकृती ठणठणीत असताना, छातीवर पट्टा बांधून, सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटे टिकेल इतक्या जास्तीत जास्त वेगाने धावा आणि शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी काढा. ती १६५च्या आसपास आली, तर घड्याळातला आकडा स्वतःच्या हाताने बदला आणि आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर उकाड्यातल्या एखाद्या धावेनंतर तो पुन्हा बदललेला दिसेल.